फुगलेल्या धमनीचा मान

मूतखड्याची शंका म्हणून भंडाऱ्याला सोनोग्राफी केली. खडा निघालाच नाही. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "काका, पोटातली मुख्य धमनी फुगली आहे. पाच सेंटिमीटरच्या वर दिसते. आणखी वाढली तर फुटू शकते. नागपूरला सीटी अँजिओग्राफी करा, म्हणजे नक्की कळेल."

मी लाखनीचा निवृत्त मास्तर. 'फुटू शकते' हे मी फक्त बायकोला सांगितलं. संध्याकाळी ते हायवेवरच्या चहाटपरीवर पोहोचलं होतं, आणि वाटेत त्याचा बॉम्ब झाला होता.

नागपूरची तारीख मिळेपर्यंतचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. बायको इतकं हळू बोलायची की मला "काय?" असं विचारावं लागे. सुनेने टीव्हीचा रिमोट आपणहून हातात दिला. टपरीवर मी राजकारणावर काहीही ठोकून दिलं तरी कुणी वाद घालेना. "मास्तरले ताण देऊ नोका," असं एकमेकांना दटावायचे.

मग सानगडीहून थोरला भाऊ आला. शेतातल्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं पाणी आधी कुणाच्या धानाला द्यायचं, यावरून आमचा सात वर्षं अबोला होता. तो खाटेजवळ बसला आणि माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, "पाणी पयले तूच घे. मी मांगून घेईन."

मी डोळे मिटून क्षीण आवाजात "बरं भाऊ" म्हटलं. त्या सकाळी मी पाच भाकरी खाल्ल्या होत्या.

नागपूरला भाऊच सोबत आला. यंत्रात झोपवलं, शिरेतून औषध सोडलं. अंग आतून एकदम तापलं. वाटलं, लघवीच झाली. "श्वास रोखा," असा आवाज आला. तिथे बघायला कुणी नव्हतं, आणि मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझी धमनी गोल फिरवून दाखवली. तांबडी, वाकडी, मधेच पोट सुटलेली.

"ती वाकडी आहे ना, म्हणून सोनोग्राफीत तिरपी मोजली गेली," त्या म्हणाल्या. "काकडी तिरपी कापली की चकती मोठी दिसते, तसं. इथे नीट आडवं मोजलंय. चार सेंटिमीटर. ऑपरेशन नको. बिडी बंद करा, बीपीची गोळी घ्या, वर्षाने पुन्हा बघू."

"म्हंजे फुटत नाही?" भावाने विचारलं.

"सध्या तशी भीती फार कमी आहे."

भावाने दुपट्ट्याने डोळे पुसले. एसटीत मौद्यापर्यंत तो माझ्या पोटाकडेच बघत होता. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पान्याचं आपण पुन्हा बसून बोलू."

बसलो, भांडलो, आणि शेवटी एक दिवस त्याचा, एक दिवस माझा असं ठरलं. त्या निमित्ताने अबोला तरी संपला. टपरीवर मात्र माझी पत पार गेली. "चारच?" असं एकाने तर तोंडावर विचारलं.

बिडी सोडणं सर्वांत जड गेलं. बायकोने बिड्यांचे कट्टे चुलीत घातले. पुढचे दोन महिने मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. शेवटी ती म्हणाली, "जा, त्या भंडाऱ्याच्या डॉक्टरकडूनच पुन्हा मोजून या. तवा तुमी बरे वागत होते."