दोन्ही हातांत पिशव्या

लॉकडाऊन लागलं तेव्हा माझा धाकटा दीर पुण्याहून भाजीच्या ट्रकमधून चौसाळ्यापर्यंत आला आणि तिथून चालत घरी पोचला. तो कंपनीत आहे, एवढंच आम्हाला माहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा, म्हणून त्याला मी अरे-तुरेच करते.

मी शिवणकाम करते. ग्रामपंचायतीनं मास्क शिवायला दिले होते. घाईत चार-पाच उलटे शिवले गेले, म्हणून उसवत बसले होते. त्यानं ते हातातून घेतले, अर्धं ब्लेड दोन बोटांत धरलं आणि सर्रकन शिवण उघडली. कापडाला ओरखडाही नाही. मी विचारलं, हे कंपनीत शिकवतात का रे? त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. कंपनी केव्हाच सुटली होती. तो शहरातल्या बसमध्ये लोकांचे खिसे कापायचा. बस बंद, गर्दी बंद, म्हणून गाव आठवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टीव्हीवर रोज सांगायचे, शहरांतल्या चोऱ्या कमी झाल्या. शेजारणी म्हणायच्या, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. आणि त्यातलाच एक खोकला माझ्या चुलीपाशी बसून भाकरी खात होता! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी तोंडावर बोलले. तो ताटावरून उठला. मला लई वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यायला जीभ वळेना. नवऱ्याला सांगितलं नाही. त्यांनी भावाला दारात उभं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं कात्री टाकली आणि म्हणाले, काप. मास्क संपले, मग कपडे आले. एक म्हातारबाबा बंडी शिवायला आले, तर हा हळूच म्हणाला, खिसा बाहेरून नको, आतून डाव्या काखेखाली घ्या. त्याच्याहून जास्त कुणाला कळणार! पुढं गावातले म्हातारे तसलाच खिसा मागायला लागले.

मग गाड्या सुरू झाल्या. त्याला पुण्याहून फोन यायचे, तो बाहेर जाऊन बोलायचा. हा परत जातो की काय, अशी मला धास्ती लागली.

वडवणीचा आठवडी बाजार उघडला तेव्हा अस्तर आणि दोरे आणायला आम्ही दोघं गेलो. इतक्या महिन्यांनी सुटलेली माणसं, पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच्या कपाळावर घाम फुटला. बोटं आपोआप हलत होती. याला इथं आणून मी चूक केली, असं वाटलं. एक पिशवी त्याच्याकडं होती, एक माझ्याकडं.

"वैनी," तो हळू आवाजात म्हणाला, "दोन्ही पिशव्या माझ्याकडं द्या. हात मोकळे नकोत मला."

मी दिली. भर बाजारात माझे डोळे भरून आले.

तो पुण्याला गेला नाही. त्यानंतर प्रत्येक बाजारात दोन्ही पिशव्या त्याच्याच हातात. चहा प्यायलाही खाली ठेवायचा नाही. आता काय बशी तोंडाला लावू का, म्हणून मी चिडवायचे.

मागच्या बाजारात मात्र त्यानं एकच पिशवी उचलली. दुसरी माझ्या हातात दिली आणि भर गर्दीत मोकळ्या हातानं कोथिंबीर बघत उभा राहिला. पिशवी लई जड होती. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी स्टँडपर्यंत ती मुकाट्यानं उचलून नेली.