एका पायाचं मीटर

"शेठ, पोरगी तासभर घाम गाळती आन् तुमचं मीटर म्हंतंय शून्य," दशरथराव म्हणाले.

मीटर माझं नव्हतं. मी ते विकलं नव्हतं, आणलं नव्हतं, त्या दिवसापर्यंत डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. पण नारायणगावात सायकलचं दुकान असलं की पंचक्रोशीतल्या कुठल्याही सायकलला काही लटकवलेलं असो, ते बिघडलं की आपल्याच नावावर जमा होतं. दशरथरावांचा दुकानात तिसरा फोन आला तेव्हा मी शटर अर्धं ओढलं, जीप पकडली आणि कळंबला आलो.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. दशरथरावांच्या पडवीत त्यांची मुलगी अर्चना सायकलवर बसून पायडल मारत होती आणि सायकल जागची हलत नव्हती. हलणारही नव्हती. मागचं चाक एका लोखंडी स्टँडमध्ये अडकवलेलं आणि चाकाला टेकून एक रोलर. पायडल मारलं की चाक फिरतं, रोलर त्याला अडवतो, घाम निघतो, माणूस तिथंच. याला ट्रेनर म्हणतात. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि "एवढं मारती, पन जाती कुटं?" असं विचारून घरी जायच्या.

अर्चना मंचरच्या कॉलेजात बारावीला होती. जिल्ह्याच्या शर्यतीत तिचा नंबर आला आणि पुण्याच्या एका सरांनी तिला हेरलं. दिवाळीनंतर सरांचं शिबिर होतं. पुढे राज्याच्या टीममध्ये जायचं तर वाट त्या शिबिरातूनच. पण नाशिक रोडवर सराव करताना शिटा भरून पळणाऱ्या एका वडापच्या जीपने तिच्या हँडलला घासलं आणि ती खाली पडली. दशरथरावांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आता रोडवर सायकल बंद. सरांनी तोडगा काढला. ट्रेनर पाठवला, सोबत कुणीतरी परदेशातून आणलेलं मीटर पाठवलं. रोज एक तास घरात सायकल मारायची आणि दर रविवारी मीटरवरचे आकडे फोनवर सांगायचे. आकडे जमले तर शिबिर, नाही जमले तर पुढच्या वर्षी बघू.

म्हणजे त्या पोरीचं अख्खं वर्ष काडेपेटीएवढ्या मीटरवर अवलंबून होतं, आणि ते मीटर शून्य दाखवत होतं.

कारण मला पडवीच्या पायरीवरूनच दिसलं. सेन्सर पुढच्या चाकाला लावला होता.

"दशरथराव, पुढचं चाक फिरतंय का?"

"न्हाई."

"मग ते काय मोजणार?"

"कागदावं चित्र हाय, त्यात पुडंच दावलंय." त्यांनी घडी घातलेला कागद माझ्या नाकासमोर धरला. चित्रातली सायकल रस्त्यावर होती. ती कुणी पडवीत जखडून ठेवील हे चित्र काढणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

हा सेन्सर म्हणजे फार मोठी विद्या नाही. चाकाच्या एका तारेला, म्हणजे स्पोकला, छोटं लोहचुंबक लावतात. शेजारी फ्रेमला एक डबी असते, तिच्यात काचेची बारीक नळी, नळीत दोन पात्या. लोहचुंबक डबीसमोरून गेलं की पात्या चिकटतात, पुढे गेलं की सुटतात. चिकटल्या की मीटर एक मोजतं. चाकाचा घेर त्याला आधी सांगून ठेवलेला असतो, त्यावरून ते स्पीड काढतं.

मी सेन्सर काढून मागच्या चाकाला लावला, तर वायर हँडलपर्यंत पोचेना. जोड द्यावा लागणार होता. लाईट नव्हती, म्हणजे सोल्डरिंग नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "दोन तर तारी हायेत. त्यात काय अवगड?"

हे दशरथरावांचे मोठे भाऊ, नाना. रोडला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. कमी दाबाच्या विजेनं विहिरीवरच्या मोटरी जळायच्या आणि अर्ध्या तालुक्यातल्या त्यांच्याकडे यायच्या. नानांचा हात वायरीत बसलेला होता हे मी मान्य करतो. मी तारा पिळून टेप गुंडाळली, आणि लाईट आल्यावर नानांनी तो जोड स्वतःहून सोल्डर करून घेतला.

मग चाकाचा घेर. मीटरमध्ये भलत्याच चाकाचं माप भरलेलं होतं. मी अर्चनाला म्हटलं, सायकल अंगणात घे, चाकाला खडूची खूण कर, एक पूर्ण फेरा ढकल आणि दोन खुणांमधलं अंतर मोज. तिनं बरोबर मोजलं. तरी दशरथरावांनी पुन्हा मोजलं, आणि नानांनी दोघांनाही बाजूला करून तिसऱ्यांदा. तिघांचं उत्तर तेच आलं. ते तिनंच पहिल्यांदा सांगितलं होतं, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी केडन्स. एका मिनिटात पायडलचे किती फेरे होतात तो आकडा म्हणजे केडन्स. सरांचा हुकूम होता नव्वद, एक तास, एकाच गिअरवर. यासाठी वेगळा सेन्सर असतो. पायडल ज्या दांड्याला असतं त्या क्रँकला लोहचुंबक, आणि समोर फ्रेमला डबी. दोन्हींमध्ये नखाएवढी फट ठेवायची. मी ते डाव्या क्रँकला लावलं. अर्चनानं पाय फिरवले, आकडा सत्तरवरून चढत नव्वदवर थांबला. मी कपाळाचा घाम पुसला. नाना खाली वाकून बराच वेळ डावा क्रँक बघत राहिले. मला वाटलं कौतुकानं बघतायत.

त्यानंतर फोनच फोन. आकडे पुसट दिसतात. मीटर ओल्या फडक्यानं पुसलं तर चालेल का. पुसलंय. एकदा क्रँकवरचं लोहचुंबकच गायब झालं, ते अर्चनाच्या आत्यानं कपाटाला शोभेसाठी चिकटवलं होतं. एकदा दशरथरावांनी विचारलं, लाईट गेल्यावर मीटर चालू कसं राहतं. मी सांगितलं, त्यात सेल आहे. ते म्हणाले, "मग मोटरीला का बसवत न्हाईत?" मी फोन ठेवला.

मग काही दिवस शांतता. मी समजलो, मिटलं. आणि एका सोमवारी सकाळी दुकानात पुण्याहून सरांचाच फोन आला.

"कळंबच्या मुलीचं मीटर तुम्ही बसवलंत?"

"हो सर."

"मग ऐका. गिअर मी ठरवून दिलाय. त्या गिअरला पायडलचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचे तीन. केडन्स नव्वद असेल तर स्पीड पस्तीसच्या आसपास आलाच पाहिजे. ही तीन रविवार मला सांगतेय, केडन्स नव्वद आणि स्पीड सतरा. असं होऊच शकत नाही."

"मीटर बिघडलं असेल, सर."

"तुम्ही बसवलंय ना? मग कसं बिघडेल?"

मी म्हटलं, आजच जाऊन बघतो.

"घरात बसून मुली आकडे फेकतात, मला हे नवीन नाही," सर म्हणाले. "तिचं नाव मी कमी करतोय."

मी पुन्हा शटर ओढलं. जीपमध्ये टोमॅटोच्या दोन क्रेटांच्या मधे बसून मनातल्या मनात त्या सगळ्या घराचा उद्धार करत कळंबला पोचलो.

सायकल जागेवर होती. चाकाचा सेन्सर ठीक, घेर ठीक, डावा क्रँक ठीक. अर्चनाला पायडल मारायला सांगितलं. मीटरवर नव्वद आलं, पण तिचे पाय देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखे सावकाश फिरत होते. मी घड्याळ लावून डोळ्यांनी मोजलं. पंचेचाळीस.

मी पलीकडच्या बाजूला गेलो आणि खाली वाकलो. उजव्या क्रँकला एक लोहचुंबक होतं. त्याच्यासमोर फ्रेमला, चेनपासून जपून, काचेची नळी बसवलेली. तिच्या दोन तारा फ्रेमच्या खालून येऊन माझ्या केडन्सच्या वायरीला जोडलेल्या. काम इतकं सुबक होतं की मी लावलेला सेन्सर त्यापुढे गबाळा दिसत होता.

"हे कुणी केलं?"

"म्या," नाना दारातून म्हणाले. आवाजात लाज वगैरे काही नव्हती. "नळी पुण्यास्नं आनली, तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातनं."

"पण का?"

"शेठ, तुमी एकाच पायाचं मोजत व्हता. पोरगी दोनी पाय मारती. उजव्या पायाचं कोन मोजनार?"

मी पडवीच्या कठड्यावर बसलो. सेन्सर, केडन्स, फेरे, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फेरा एकच असतो, त्यात दोन्ही पाय आलेच. "नाना, बैलगाडीचं एक चाक मोजलं तरी गाडी किती गेली ते कळतं ना? दुसरं चाक काय घरी राहतं?"

"गाडीचं येगळं," नाना म्हणाले. "ही पोरगी हाय. तिचं कष्ट निम्मं कशापायी मांडायचं?"

"नाना, तुम्ही तिचं काम निम्मं केलंत. मीटर दुप्पट मोजतंय. नव्वद दिसावं म्हणून ती पंचेचाळीसच मारतेय. तीन आठवडे."

आता कुठे त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा अर्चना सायकलवरून उतरली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली.

"मी म्हटलं होतं, पाय लई हळू फिरतायत. आधी नव्वदला दम लागायचा, आता लागत नाय. आप्पांना म्हटलं, नानांनापण म्हटलं."

"मग?"

"आप्पा म्हनले, मीटर परदेशी हाय, त्याला जास्त कळतं का तुला?"

आप्पा म्हणजे दशरथराव. ते अंगणातल्या कोंबड्यांकडे बघायला लागले. मला राग आला होता. नेमका कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून सगळ्यांचाच आला.

नानांची नळी मी तिथेच काढली आणि घरातल्या फोनवरून सरांना सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी मी म्हटलं, "सर, तिला खोटंच बोलायचं असतं तर तिनं स्पीड पस्तीस सांगितला असता. गणित तिलाही येतं. जे दिसलं ते तिनं सांगितलं, म्हणून तर तुम्हाला चूक सापडली."

"रविवारी घेऊन या," सर म्हणाले.

रविवारी आम्ही चौघं एसटीनं पुण्याला गेलो. मला जायचं काही कारण नव्हतं, पण नाना म्हणाले, "तुमी असलं म्हंजी बरं," आणि मी मुकाट्यानं हो म्हटलं. सरांनी अर्चनाला आपल्या ट्रेनरवर बसवलं, मीटरवर नॅपकिन टाकला आणि स्वतः घड्याळ धरलं. "नव्वद धर. अंदाजानं."

तिनं धरलं, अगदी नेमकं. मीटर न बघता. तिच्या पायांना नव्वद पहिल्यापासून माहीत होतं. निम्मा वेळ ती तशीच राहिली. मग सरांच्या मोजणीत हळूहळू आकडा उतरायला लागला. ऐंशी, मग पंच्याहत्तर. ती ओठ दाबून मारत होती, पण सवय गेलेले पाय ऐकेनात. तास भरला तेव्हा तिला उतरताना सरांनी आधार दिला.

"खोटं बोलली नाही हे मला पटलं," सर म्हणाले. "मी बोललो ते चुकलो. पण शिबिर परवापासून आहे आणि हिचे पाय तीन आठवडे मागे आहेत. या वर्षी नाही जमणार."

परतीच्या एसटीनं आम्ही राजगुरुनगरला पोचलो. मग नाना म्हणाले, "माज्यामुळं गेलं." अर्चना रडली नाही. रडली असती तर आम्हा तिघांना बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच दुकानात आली. पिशवीत मीटर, दोन्ही सेन्सर आणि सगळ्या वायरी. घरी तिनं ते सगळं उपसून काढलं होतं. टेबलावर मांडून म्हणाली, "शेठ, मला लावायला शिकवा."

"मी येऊन लावून देतो ना."

"नको. मला शिकवा."

दुपारभर बसली. फट किती ठेवायची, घेर कसा भरायचा, आकडा नाचायला लागला तर आधी काय तपासायचं, सगळं विचारलं. एक गोष्ट दोनदा विचारली नाही. मी दुकानातल्या सायकलवर तीन वेळा मुद्दाम चुकीचं लावून ठेवलं, तिन्ही वेळा तिनं चूक शोधली.

पुढच्या वर्षी ती शिबिरात गेली, नंतर टीममध्येही गेली. मधल्या वर्षात तिनं पडवीत त्या सायकलला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नाना एकदा सोल्डरिंग गन घेऊन आले होते म्हणे. ती पायडल न थांबवता म्हणाली, "नाना, तुमी मोटरी बगा."

पुढे दुकानात असं मीटर घेऊन बरीच गिऱ्हाईकं आली. कुणाचे वडील बोलायचे, कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. मी सगळ्यांना एकच विचारायचो, सायकल कोण मारणार? मग बाकीच्यांना बाहेर चहाला पाठवायचो आणि पाना त्या माणसाच्या हातात द्यायचो.

अर्चनाचं काम मात्र माझ्याकडे परत कधी आलं नाही. धंद्याच्या हिशेबानं बघितलं तर मी एक गिऱ्हाईक कायमचं घालवलं. त्या घरातल्या बाकीच्यांचे फोन अजून येतात.