अक्षता हळू टाका

आपल्या प्रक्षेपणात लोकांना कमीत कमी दिसावं म्हणून धडपडणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच असेल, आणि ते माझे साडू आहेत. खांडबाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि आसपासची लग्नं मोबाइलवरून थेट दाखवू लागले. आपण इथून चित्र सोडलं की कुठेतरी एक यंत्र तापतं, ते गार करायला आणखी वीज लागते, हे त्यांना पूर्वी वर्गाला पटवायचं असे, आता वऱ्हाडाला. चित्रात हालचाल जितकी कमी तितकी वीज कमी. म्हणून मांडवात शिरले की ते आधी नवरानवरीमागची चमचमती झालर उतरवून साधी चादर लावतात. ‘‘ह्या लुकलुक करनारा दिवा बंद करा भाऊ, बॅटरी खाई ऱ्हायनात,’’ असं मांडववाल्याला हात जोडून सांगतात. भाषणं सुरू झाली की चित्र बंद करून नुसता आवाज सोडतात. बोलणाऱ्याचा चेहरा सगळ्यांना पाठ असतो, म्हणे. एकदा तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी माइक मागून घेतला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘अक्षता हळू टाका. एकेक दाणा चित्राला नव्यानं काढावा लागतो.’’ भटजी थबकले, वऱ्हाड हसलं, पण अक्षता खरोखरच हळू पडल्या. ‘‘आणि घरात पंखा दिवसभर चालू,’’ असं माझी मेहुणी म्हणते, ते निराळं.

मीही हसणाऱ्यांतलाच होतो. मग तापीकाठच्या एका गावातलं लग्न आलं. मुलीचे वडील केळीच्या बागेत पडून मांडीचं हाड मोडून घेतलेले, सुरतेच्या दवाखान्यात आडवे. तारीख मोडू नका, हा त्यांचाच हट्ट. ते फोनवर बघणार होते. मुलगी हळदीपासून एकच विचारत होती, ‘‘सर, बाबाले दिसी ना?’’ ऐन मुहूर्ताला वीज गेली, जनरेटर दोनदा खोकून गप्प झाला, शहरातून आणलेल्या छायाचित्रकाराचे मोठे कॅमेरे आणि दिवे विझले. मोबाइलच्या टॉवरलाही धाप लागली. साडूंचा साधा फोन तेवढा तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा होता. त्यांनी चित्र तळहाताएवढं केलं, पाहुण्यांना बाजूला सारलं, मंगलाष्टकं नुसती ऐकवली आणि उरलेली सगळी बॅटरी मुलीच्या चेहऱ्यासाठी राखली. हार घालून ती फोनकडे वळली तेव्हा पलीकडून वडिलांचा आवाज आला, ‘‘दिसनी वं माय, दिसनी.’’ साडूंनी चष्मा पुसला. मी तिकाटणं धरायला गेलो, ते हलत नव्हतं तरी.

दोनेक महिन्यांनी मुलीचे वडील काठी टेकत साडूंकडे आले. मी तिथेच होतो. चहा झाल्यावर संकोचून म्हणाले, ‘‘सर, मन्ही पोरनं लगीन आखो एक डाव दखाडा ना.’’ साडूंचा चेहरा पडला. प्रक्षेपण संपलं की ते पुसून टाकतात; साठवलेलं चित्रही कुठेतरी वीज खात बसतं.

‘‘ठेयेल नही शे, दादा,’’ ते म्हणाले. मग साडूंनी आपली खुर्ची त्या गृहस्थांच्या खुर्चीला लावली. ‘‘बठा. मी सांगस.’’

आणि ते सांगू लागले. मांडवाचे खांब कुठे होते, मुलगी कुठल्या दारातून आली, मामानं तिचा हात कसा धरला होता, हार घालताना ती पहिल्यांदा कुणाकडे बघून हसली. मध्येच उठून तिची चाल करून दाखवली. मेहुणीनं पुन्हा चहा ठेवला. ऊन ओट्यावरून उतरून अंगणाच्या टोकाला गेलं, तरी साडूंच्या सांगण्यात मुलगी अजून मांडवातच होती, आणि तिच्या वडिलांना पाठवणीची काही घाई नव्हती.