नागव्वाच्या हातची कापी

माझी सासू नागव्वा हिची नजर एकदम गेली नाही. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग ज्वारीतले खडे दिसेनात, आणि पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या वर्षी अंगणात उभा असलेला स्वतःचा मुलगा तिला आवाजावरून ओळखावा लागला. मोतीबिंदू. आमच्या हुलसूर गावात तेव्हा डोळ्यांचा डॉक्टर कुठला? वय झालं की डोळे जातात, असंच सगळे धरून चालायचे.

मी तिची सून, गुरुबाई. तिच्या मुलाशी, लिंगराजांशी, लग्न होऊन मला तेव्हा आठ वर्षं झाली होती. एकदा भाकरी भाजताना अव्वाचा, म्हणजे सासूचा, हात तापल्या तव्यावर पडला, तळवा सोलून निघाला. त्या दिवशी मी म्हणाले, "अव्वा, आजपासून चुलीपाशी येऊ नका. मी हाय न्हवं?" काळजीनंच बोलले. पण बत्तीस वर्षं जिथं ती बसली तिथून मी तिला उठवतेय, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. ती गुपचूप ओसरीवर गेली. सकाळची लिंगपूजा झाली की दिवसभर भिंतीला टेकून बसायची. बोलणं कमी झालं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझं काय, कणगीवानी हाय. ठिवलं तितं."

बावन्न साली भालकीच्या वाटेवरच्या ओढ्यावर पूल बांधायला मुत्तण्णा नावाचा ओव्हरसियर आला. कुर्गातला माणूस. आमची पुढची खोली त्याला राहायला दिली. त्याची कानडी आमच्याहून निराळी, पण समजायची. त्याच्या ट्रंकेत एक काचेचं उभट भांडं होतं. त्याला झाकण, झाकणातून खाली गेलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला भांड्यात घट्ट बसणारी बारीक जाळी. त्याचे वडील एका साहेबाच्या कॉफीच्या मळ्यात कारकून होते. साहेबानं विलायतेला परत जाताना ते भांडं त्यांना दिलं होतं. भांड्यात कॉफीची भरड घालायची, वर गरम पाणी ओतायचं, थोडं थांबायचं आणि दांडी खाली दाबायची. चोथा तळाशी, कापी वर.

आमच्याकडे चहासुद्धा पाहुणा आला तरच व्हायचा. मुत्तण्णानं पहिल्या दिवशी दाणे भाजले, तो वास ओसरीपर्यंत गेला आणि अव्वा ताठ बसली.

"काय भाजायलास रे अण्णा?"

त्यानं चार दाणे तिच्या हातावर ठेवले. तिनं ते बोटांत फिरवले, एक दाताखाली फोडला.

"एका अंगानं करपलंय," ती म्हणाली.

"खरं हाय, अव्वा. घरी आई भाजायची. मला जमत न्हाई."

"शेगडी आन हिकडं."

मी पदर खोचून पुढं झाले. "अव्वा, हात भाजंल!"

"गुरू, मला बगायचं न्हाईच. ऐकायचं हाय. तू बस बाजूला."

लांब दांड्याचं लाकडी उलथनं घेऊन ती शेगडीपुढं बसली. दाणे हलवत राहिली, मान एका बाजूला कलती करून. बऱ्याच वेळानं तव्यातून फुटाण्यासारखा तडतड आवाज आला, मग वास बदलला. गुळाचा पाक होताना येतो तसा. "उतरव," ती म्हणाली. दाणे सगळे एका रंगाचे होते.

पण पहिली कापी फसलीच. तिनं जात्यावर पिठासारखं बारीक दळलं. मुत्तण्णा दांडी दाबायला गेला, ती जागची हलेना. त्यानं जोर केला तशी गरम कापी उसळून त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आली. मला वाटलं, झालं, आता ही परत भिंतीला टेकणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अव्वा जात्यापाशी. वरची तळी थोडी उचलून राहावी म्हणून तिनं मधल्या खिळीला चिंधी गुंडाळली होती. सांज्याच्या रव्याहून जाड भरड पडत होती आणि ती चिमटीत धरून चोळून बघत होती.

पाण्याचंही तिनं कानांनीच ठरवलं. मला म्हणाली, "पाणी आदी गातंय, मग भांडतंय, मग गप होतंय. गप झालं की उतरवायचं अन् जरा दम धरायचा. लई कडक पाणी वतलं की कडू होतंय." ओतताना भांड्याला बाहेरून बोट लावायची. पाणी चढेल तशी काच वरपर्यंत ऊन होत जायची, त्यावरून तिला कळायचं. मग झाकण ठेवून बोटांच्या पेरांवर शंभर वेळा नमः शिवाय. त्यानंतर तळहातानं दांडी सावकाश खाली. हाताला जड लागली की भरड बारीक झाली, सैल गेली की जाड झाली. उद्या जात्याची चिंधी बदलायची.

आठव्या की नवव्या दिवशी मुत्तण्णानं घोट घेतला आणि कप खाली ठेवला. अव्वा घाबरली.

"कामून ठिवलास खाली?"

"आईची आठवण आली," तो म्हणाला.

तेव्हापासून आमच्या ओसरीवर सकाळी माणसं येऊ लागली. शेजारची सोजराबाई तर रोज. पहिल्यांदा तिनं तोंड वाकडं केलं, मग गूळ घालून प्यायली, मग गूळही कमी केला. अव्वाचं बोलणं परत आलं. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या तुरीला कीड लागली, सगळं तिला माझ्याआधी कळायचं.

पूल झाला, मुत्तण्णाची बदली झाली. जाताना त्यानं ते भांडं अव्वाच्या मांडीवर ठेवलं. "माझ्या हातात ह्याचा काय उपयोग?" म्हणाला. दर हंगामात त्याच्या घरून कच्च्या दाण्यांची पिशवी पोस्टानं यायची.

ते भांडं फोडलं मी. माघातली थंडी होती. गारठलेल्या काचेत मी विसळायला उकळतं पाणी ओतलं. टच्च आवाज झाला आणि दोन तुकडे. दोन धड डोळे असून! मी तिथंच रडायला लागले. अव्वा भिंत चाचपत आली.

"तुला लागलं का गं?"

"न्हाई."

"जाळी अन् दांडी धड हाय?"

"हाय."

"मग रडायलीस कामून? भांडं काय, तांबट करून दील."

आम्ही दोघी बैलगाडीनं कल्याणीला तांबटाकडे गेलो. त्यानं पितळेचं भांडं घडवलं, आतून कल्हई केली. अव्वानं जाळी आत सोडली आणि कडेनं बोट फिरवलं. "हितं फट हाय." तांबटाला ती दिसेना. दोनदा तिनं परत ठोकायला लावलं, तेव्हा तो म्हणाला, "माय, तुमी माझ्या दुकानात बसा." घरी येताना सगळ्या वाटेनं ती हसत होती. त्या संध्याकाळी मी चुलीपाशी तिचा पाट मांडला आणि म्हणाले, "अव्वा, मी चुकले." ती बसली आणि म्हणाली, "भाजीला मीठ घातलंस का?"

पंचावन्न साली उदगीरला डोळ्यांचं शिबिर भरलं. लिंगराज तिला घेऊन गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा मिळाला. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं कापी केली, कपात ओतली आणि वाकून बघितलं.

"आगं बया! असली काळी असती? डांबरावानी? अन् ह्ये मी तीन वर्सं गावाला पाजायले?"

सोजराबाई पोट धरून हसली. अव्वानं भिंग तिच्याकडं वळवलं, बराच वेळ न्याहाळलं.

"सोजरे, तू म्हातारी कवा झालीस?"

"तुमी बगत नव्हता तवा," सोजराबाई म्हणाली.

चार दिवस अव्वानं त्या काळ्या रंगाच्या धास्तीनं भरपूर दूध घातलं. पाचव्या दिवशी एक घोट घेऊन कप खाली ठेवला, म्हणाली, "ह्ये कापी न्हवं, ह्ये तर बाळंतिणीला द्यायचं दूध झालं," आणि मला दुधाचं भांडं उचलून आत ठेवायला लावलं.