बत्तासे

दारव्ह्यात आमच्या घरासमोर मौलवीसाहेबांचा मदरसा होता. पोरांनी कुराण घडाघडा म्हटलं की ते हटकत, "मतलब सांग." भिंतीवरच्या नकाशात मक्केबरोबर तेव्हाच्या मुंबई राज्यातलं दारव्हाही शोधायला लावत. माणूस धार्मिक म्हणावा की बंडखोर, मला कळत नसे.

एकदा एका मुलीचं कुराण वाचून पुरं झालं. रिवाजाप्रमाणे तिचा बाप बत्तासे वाटायला निघाला. मौलवीसाहेबांनी ताटच अडवलं.

"समजल्याबिगर कायचे बत्तासे?"

बाप लालबुंद झाला. मुलगी मात्र म्हणाली, "मौलवीसाब, तुमाले सारं समजलं काय?"

मौलवीसाहेबांनी ताट आपल्याकडे ओढलं.

"नाही बेटा," म्हणाले आणि पहिला बत्तासा तिच्याच हातावर ठेवला. "आता वाट."

मीही एक खाल्ला. कशाचा, ते मला अजून समजलेलं नाही.