बार्लीचं पाणी

खोटं बोलण्यात माझा हात धरणारं परदेशातल्या आमच्या पिस्कॅटवे गावच्या मराठी मंडळींत कुणी नव्हतं. नव्वदीच्या दशकात मी घरीच बीअर करायचो. स्टाउट, काळीभोर, कॉफीसारखी. त्यात बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांनी पाचही शीलं पाळली होती. मद्य न घेण्याचं पाचवं तर फारच कडक, कारण त्यांचा धाकटा भाऊ दारूनं गेला होता.

"एवढं मोठं गंज कशाले रे?" गराजमधलं माझं भलंमोठं पातेलं बघून त्यांनी विचारलं.

"बार्लीचं पाणी करतो, बाबा. ऑफिसमधल्या एकाला मूतखडा आहे."

मी चेहरा असा काही केला, की मलाच त्या माणसाची दया आली.

बाबा रिटायर्ड फिटर. बाहेर बर्फ, घरात टीव्ही. पार कंटाळले होते. उकळलेलं पाणी लवकर निवत नाही, असं मी म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. तांब्याची नळी आणवली, रंगाच्या डब्याभोवती गुंडाळून सुरेख वेटोळं केलं. ते गंजात बुडवायचं आणि आतून नळाचं थंड पाणी सोडायचं. अर्ध्या तासात सगळं गार!

"तुझ्या दोस्ताले सांग, फिटरनं केलंय म्हणून!" एक सांधा थेंबथेंब गळत होता. पुढच्या खेपेला डाख देऊन तो बुजवू, म्हणाले. इतके खूश मी त्यांना आई गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

दोन आठवड्यांनी ऑफिसातून आलो, तर बाबा सिंकपाशी चुळा भरत होते. ओट्यावर ग्लास, तळाशी काळं काही. मूतखडा त्यांनाही होता, आणि मी ते साफ विसरलो होतो. कपाटात मी आंबायला ठेवलेल्या मोठ्या बरणीतून त्यांनी स्वतःच औषध काढून घेतलं होतं.

"अर्धा ग्लास घेतला," ते म्हणाले. "कडू होतं, म्हटलं औषध कडूच राहते. मग वास आला. तुझ्या काकाच्या तोंडाले यायचा तो."

माझ्याकडे सबबींचं दुकान होतं. त्या दिवशी ते उघडेना.

"बाबा, नकळत झालं. तुम्हाला दोष नाही लागत."

"ते समजते मले. पण बीअर म्हटलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं. तेवढं नाही म्हणणं तरी माझ्या हाती ठेवायचं होतंस, बेटा."

रोज सकाळी आम्ही दोघं मिळून वंदना म्हणायचो. दुसऱ्या दिवशी मी उठेपर्यंत त्यांची म्हणून झाली होती. ते गराजमध्ये होते, गळक्या सांध्याला डाख देत.

"राहू द्या ना, बाबा."

"हाती घेतलेलं काम अर्धं नाही ठेवत मी."

पाणी सोडून पाहिलं. एक थेंब गळला नाही. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं मिळते का पाह्य."

मी विमान कंपनीला फोन लावला. जागा नाही म्हणतील, अशी मनात आस धरून बसलो होतो. पलीकडच्या बाईंनी आनंदानं सांगितलं, शुक्रवारची आहे.