लाखोलीची बाग

सुमनबाई पगारेला जास्वंदीच्या कळ्या तोंडपाठ असत. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला एका कॉलनीच्या मधोमध पालिकेची ती बाग. फार मोठी नाही. चालायला गोल वाट, दोन घसरगुंड्या, त्यातली एक मोडकी, मध्ये बाकं मांडलेली छत्री, आणि पूर्वेच्या भिंतीलगत चौदा जास्वंदी. संध्याकाळी पाणी घालताना सुमनबाई मनाशी बोलत जायची, पहिलीला सहा, दुसरीला नऊ, कोपऱ्यातल्या दुहेरीला चार. सकाळी कुलूप उघडलं की आधी भिंतीकडे जाऊन बघायची, किती उमलल्या. अकरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. आपण माळ ओढतो तसंच ते.

माहेर नांदगावकडचं. नवरा जयराम शहरातल्याच द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता. एके दिवशी पोतं उचलताना पाठीत कळ आली ती आलीच, तेव्हापासून तो घरी. सुमनबाई ठेकेदाराकडून बागेच्या कामाला लागली तेव्हा तिथे बाग नव्हतीच. बांधकामाचा राडारोडा, गाजरगवत आणि दारूच्या फुटक्या बाटल्या. पाच बायका होत्या कामाला. एकीला विंचू चावला, ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. दर ठेक्याला एकेक कमी होत गेली. ठेकेदार बदलले, अंगातल्या कोटावरचं नाव बदललं, सुमनबाई तीच राहिली. झाडं पालिकेच्या रोपवाटिकेतून आली, तगर आली, कण्हेर आली, प्राजक्त आला. जास्वंदीच्या फांद्या मात्र तिने मखमलाबादकडच्या एका फूलवाल्याच्या बांधावरून मागून आणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन. चौदा लावल्या, चौदाच्या चौदा जगल्या.

आता कामाला दोघंच होती, ती आणि नंतर आलेला भिकन. भिकन झाडू कमी मारायचा आणि नमस्कार जास्त. येणाऱ्या प्रत्येक बाईला "राम कृष्ण हरी माउली" म्हणायचा आणि मग बाकावर आडवा व्हायचा.

फाटकापाशी पालिकेची पाटी होती, "फुले तोडू नयेत". त्या पाटीलाच हातातली पिशवी अडकवून सुवर्णाताई कोठावदे रोज संध्याकाळी कळ्या तोडायच्या. त्या कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. बाईंचा आवाज गोड, हातात वाकड्या मुठीची काठी. काठीने फांदी ओढायची, कळी खुडायची, ओल्या फडक्याच्या डब्यात ठेवायची. डबा रात्रभर फ्रिजमध्ये, की सकाळी देवघरात टपोरं फूल तयार.

"ताई, कळ्या नका ना तोडू," सुमनबाई म्हणायची. "सकाळी उमलल्यावर न्या दोन-चार."

"अगं, सकाळी त्या समोरच्या बिल्डिंगवाल्या येऊन नेतात. मग आमच्या गणपतीने काय बघत बसायचं?"

"पण झाडावर एकसुद्धा राहत नाय हो."

"झाडावर राहून काय होणार, सुमन? सुकून गळणार. देवाच्या पायाशी गेलं तर सोनं झालं त्याचं."

सुमनबाईच्या घरी बुद्धाची तसबीर होती. तिच्यापुढे ती रोज तगरीचं एक फूल ठेवायची, तेही झाडाखालून उचललेलं. तोडलेलं कधी नेलं नव्हतं. ती पाटीकडे बोट दाखवून रोज अडवायची, आणि रोज दहातल्या चार कळ्या तरी वाचायच्या.

आषाढी एकादशीला मंडळाने चातुर्मासाचा संकल्प सोडला. गणपतीला एक लाख फुलांची लाखोली वाहायची. मंडळात अकरा जणी. दिवसाला आठशे-साडेआठशे फुलं, म्हणजे वाटणीला प्रत्येकीला पाऊणशे. सकाळी छत्रीखाली जमायचं, मोजायची, वहीत लिहायची, मग सुवर्णाताईंच्या घरी वाहायची. पहिल्या दिवशी एकजण म्हणाली, "कण्हेरीच्या पाच पाकळ्या, पाच फुलं धरू या का?" तर दुसरी म्हणाली, "मग एक झेंडू आणला की तुझा चातुर्मास संपलाच की गं!" हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं. सुमनबाईपण झाडू धरून लांब उभी राहून हसली.

आठ दिवसांत तगर पांढरी दिसेनाशी झाली. फांद्या लोंबू लागल्या. कोपऱ्यातल्या दुहेरी जास्वंदीची तर मुख्य फांदीच सालीसकट उतरली होती. सुमनबाईने तिला चिंधीने बांधलं, शेणमाती लावली आणि धीर करून छत्रीपाशी गेली.

"ताई, एक सांगू का? मी पहाटे येऊन फुलं काढत जाते. माझा हात बसलेला हाय, फांदी मोडत नाय. अकरा द्रोण भरून इथे मांडून ठेवते. तुम्ही नुसती उचलायची."

एकीने फुलांवरचा मुंगळा झटकला. राखी म्हणून एक नवी सून होती मंडळात, ती म्हणाली, "बरंच होईल की..." आणि शेजारी बसलेल्या सासूकडे बघून पुन्हा फुलं मोजू लागली.

सुवर्णाताई गोडच बोलल्या. "तसं नको गं सुमन. देवाची फुलं ना ही. आपली आपण तोडलेली बरी. तू कशाला त्रास घेतेस?"

नाव कोणी घेतलं नाही, जात कोणी काढली नाही. सुमनबाईला कळायचं ते कळलं. तिने झाडू उचलला आणि घसरगुंडीखालचा पाला गोळा करायला गेली. झाडं तिने लावली, पाणी तिने घातलं, मुळाशी माती तिने ओढली. तिथवर तिचा हात चालत होता.

श्रावणात ठेकेदाराचा सुपरवायझर गोरक्ष मोटरसायकलवर आला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही.

"मावशी, दसऱ्यापासून नवा ठेका लागतोय. ह्या बागेला एकच माणूस ठेवायचाय आता. तू नायतर भिकन."

"मी अकरा वर्षं हाय इथे."

"त्यानं काय होतंय? पालिकेला नागरिकांचं पत्र लागतं, काम समाधानकारक हाय म्हणून. महिला मंडळ पत्र देणार. ज्याचं नाव त्यात, तो राहणार."

"अन् ज्याचं नसंल?"

"त्याला दुसरीकडं बघू." गोरक्षने किक मारली. "लय तोंडी लागत जाऊ नको बायांच्या. तुझी तक्रार हाय ॲपवर, कर्मचारी उद्धट वागते म्हणून. फोटोपण टाकलाय, बोट दाखवतानाचा."

दुसरीकडे बघू म्हणजे काय, हे सुमनबाईला ठाऊक होतं. विंचू चावलेली सोडली, तर बाकीच्या तिघींना असंच दुसरीकडे बघणार होते. त्या संध्याकाळी पाणी घालताना ती बराच वेळ भिंतीपाशी उभी राहिली. सुवर्णाताई आल्या, काठीने फांदी ओढली. सुमनबाईने तोंड फिरवलं आणि नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली.

त्या दिवसापासून तिने अडवणं सोडलं. कळी खुडल्याचा बारीक आवाज येतो, तो तिला बागेच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू यायचा म्हणे. जयराम म्हणाला, "असं काय करते? झाडं कुठं तुझ्या बापाची हायत?" ती म्हणाली, "नायतच. म्हणून तर गप हाय."

गणपती जवळ आले तसा फुलांचा भाव चढला आणि लाखोली मागे पडली. एके दिवशी सुवर्णाताईंनी स्वतः हाक मारली. "सुमन, एक काम करशील? फाटक सहाला उघडतेस ना, ते जरा पाचला उघड. समोरच्या बिल्डिंगवाल्या येण्याआधी आमचं आटपेल. पत्राचं माझ्या लक्षात आहे बरं का."

पाचला फाटक उघडायचं म्हणजे सुमनबाईला चारला घर सोडावं लागे. तेव्हा पहिली बसही सुटलेली नसायची. ती चालत यायची, अंधारात कुत्र्यांना दगड दाखवत. पंधरा दिवस तिने पाचला कुलूप काढलं. अकरा जणी बॅटऱ्या घेऊन आत शिरायच्या, आणि उजाडेपर्यंत भिंतीलगत हिरव्या पानांशिवाय काही उरायचं नाही. दुहेरी जास्वंदीची बांधलेली फांदी एके पहाटे चिंधीसकट खाली पडलेली दिसली. सुमनबाईने चिंधी धुऊन ठेवली.

अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झाले आणि पालिकेचे मोठे साहेब बागा बघत फिरायला निघाले. दहाच्या सुमाराला गाडी आली. साहेब, मागे कागद धरलेला एक कारकून, त्यामागे धावतपळत गोरक्ष. साहेबांनी कागद बघितला, मग भिंत बघितली.

"चौदा जास्वंद, सहा तगर, चार कण्हेर, एक प्राजक्त. लिहिलंय ना हे? मग फुलं कुठे आहेत?"

भिकन बाकावरून उठून कधीच झाडू मारायला लागला होता.

"फुलझाडांच्या बागेत एक फूल नाही? कोण बघतं इथे?"

"मी बघते साहेब," सुमनबाई पुढे झाली. "झाडं चांगली हायत. कळ्या येतात भरपूर. फुलं तोडून नेतात."

"कोण तोडतं?"

सुमनबाईने छत्रीकडे बघितलं. छत्रीखाली अकरा जणी बसलेल्या, मधोमध ओल्या चादरीवर फुलांचा ढीग, लाल, पांढरा, पिवळा. त्या दिवशीची मोजणी चालली होती. साहेब तिकडे गेले. पूजेचं काही चाललंय असं बघून बूट घातलेल्या पायांनी लांबच उभे राहिले आणि नमस्कार केला.

"ही फुलं बागेतली का ताई?"

सुवर्णाताई हात जोडून उठल्या. "बागेतलीच साहेब. पण खाली पडलेली. आम्ही झाडाला हात नाही लावत. पाटी आहे ना तिथे."

खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही. एक प्राजक्त सोडला तर कुठलंच नाही. साहेबांना ते ठाऊक नसेल. छत्रीखालच्या अकराही जणींना लहानपणापासून ठाऊक होतं.

"साहेब, खोटं हाय ते," सुमनबाई म्हणाली. "ताई, तुम्ही काठीनं ओढता ना? राखीताई, तुम्ही तरी सांगा. सांगा की!"

साहेबांनी राखीकडे बघितलं. राखीच्या ओंजळीत तगर होती. तिने मान वर केली नाही. "माझं मोजणं चाललंय," ती हळूच म्हणाली, "चुकेल."

"साहेब, बोलायचं नव्हतं," सुवर्णाताई म्हणाल्या, आणि आवाज आणखी गोड झाला. "पण फाटक सहाला उघडायचा नियम आहे ना? ह्या बाई पहाटे पाचलाच कुलूप काढतात. पंधरा दिवस झाले. अंधारात कशासाठी, ते त्यांनाच विचारा. सणासुदीत फुलांना भाव किती असतो, आपल्याला माहीतच आहे."

गोरक्षने सुमनबाईकडे बघितलं, मग साहेबांकडे. "खरं हाय का मावशी? पाचला उघडती?"

"उघडते, पण ह्यांनीच..."

"उघडती का नाय, तेवढं सांग."

"उघडते."

कारकुनाने कागदावर लिहून घेतलं. साहेब गाडीत बसताना सुवर्णाताईंनी मंडळाचं पत्र त्यांच्या हातात दिलं. ते आधीच टाईप करून पिशवीत तयार होतं. त्यात भिकनच्या सेवाभावाबद्दल चार ओळी होत्या. सुमनबाईचं नाव नव्हतंच. पंधरा दिवस फाटक उघडत होती तेव्हाही नव्हतं.

गोरक्षने दसऱ्यापर्यंतसुद्धा थांबू दिलं नाही. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी येऊन त्याने किल्ली मागितली. सुमनबाईने कोट काढून घडी घालून दिला, किल्ली दिली. खुरपं पालिकेचं होतं, तेही दिलं. मग म्हणाली, "गोरक्षभाऊ, एक फांदी नेऊ का? त्या दुहेरीची. वीतभर. घरी डब्यात लावीन."

"पालिकेची मालमत्ता हाय मावशी. फांदी नेता येणार नाय."

"मीच आणलेली..."

"वरती विचारतील मला. आधीच चोरीचं नाव झालंय तुझ्यावर." आणि तिला काही कळायच्या आत तो म्हणाला, "पिशवी दाखव."

फाटकाच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत, सुमनबाईने पिशवी उघडली. गोरक्षने हात घालून एकेक वस्तू बाहेर काढली. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, पावसाची प्लास्टिकची खोळ, धुतलेली एक चिंधी. डबासुद्धा उघडून बघितला. आत भाकरी होती आणि ठेचा. भिकन झाडू धरून बघत होता, त्याच्या अंगात नवा कोट होता.

"चिंधी कशाची?" गोरक्षने विचारलं.

"झाडाची," ती म्हणाली.

त्याला त्यात काही सापडलं नाही. त्याने चिंधी परत पिशवीत टाकली. सुमनबाई वाकून खालच्या वस्तू भरू लागली. डब्याचं झाकण घरंगळत पाटीच्या खाली गेलं होतं, ते तिला लवकर मिळेना.

तेवढ्यात मघाशी आत गेलेल्या मंडळाच्या बायका परत निघाल्या. पुढे सुवर्णाताई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेली पिशवी, वर लाल कळ्यांचा डबा. लाखोली आता बासष्ट हजारांवर गेली होती. गोरक्षने पटकन बाजूला होऊन फाटक पूर्ण उघडलं. भिकन म्हणाला, "राम कृष्ण हरी माउली."

सुवर्णाताई थांबल्या. वाटेत सुमनबाई वाकलेली होती.

"बाई, जरा सरका बरं," त्या म्हणाल्या, "पूजेला उशीर होतोय."

सुमनबाई सरकली.